भुजंगदादाच्या विमानाचे पाय

११ जानेवारी २००४, रविवार

तिसरं चाक पुढे असावं की मागे?

मला माहीत नाही. दादाने सकाळी विचारलं, मी "सांगते" म्हणाले. आता दिवेलागण झाली. अजूनही माहीत नाही.

विमानाला तीन चाकं लागतात. दोन मोठी, पंखांखाली, भार घ्यायला. तिसरं लहान. ते नाकाखाली बसवायचं की शेपटीखाली, एवढंच ठरायचं आहे. बाकी सगळं झालंय. पाइपचा सांगाडा उभा आहे. पंखांवर कापड ताणून बसवलंय. जुन्या व्हॅनचं इंजिन असं चालतं की परवा वर्कशॉपमधले रिकामे डबे रस्त्यापर्यंत गेले. फक्त पाय नाहीत. विटांच्या चार थप्प्यांवर ठेवलंय, खाटेवर बसून पाय लोंबकळत ठेवलेल्या माणसासारखं दिसतं.

दादा नववीपर्यंत. ट्रॉल्या, टाक्या, शेळ्यांच्या गव्हाणी वेल्डिंग करतो. सेनगाव रोडला सगळे भुजंग वेल्डर म्हणून ओळखतात. मी बी.एस्सी. — आमच्या घरातली पहिली. म्हणून प्रश्न माझ्याकडे.

"शिवे, तू सांग, मी जोडतो," म्हणाला.

फिजिक्सच्या तीन वर्षांत विमानाच्या चाकांवर एक ओळ नव्हती. हे त्याला सांगायला तोंड उघडलं नाही.


१८ जानेवारी

मोहनसिंग काका आले होते. नांदेडचे. हवाई दलात मेकॅनिक होते, आता घरी असतात. दादाने त्यांच्या मोटारसायकलचं स्टँड जोडून दिलं होतं, तेवढ्या ओळखीवर आमच्या गावापर्यंत, साखऱ्यापर्यंत, एस.टी.ने आले.

विमानाभोवती तीन फेऱ्या मारल्या. पाइपांवर बोटाने टकटक करून कान लावला. दादा बिचारा परीक्षेला बसल्यासारखा मागे मागे. शेवटी म्हणाले, वेल्डिंग आमच्या कारखान्यात पास झालं असतं. दादा लाजला! मी त्याला लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

मग काडी घेऊन धुळीत काढून दाखवलं. चाक शेपटीखाली असलं की नाक उंच राहतं, नाकावरचा पंखा मातीपासून दूर राहतो, ढेकळांच्या रानात तेच टिकतं. पण जमिनीवर ते सरळ धावत नाही. जरा ध्यान सुटलं की मागचं अंग पुढे यायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. ते शिकलेल्या हातांचं काम. नाकाखालचं चाक नवख्याला सांभाळून घेतं, आपोआप सरळ जातं — पण नाजूक. खड्ड्यात गेलं की संपलं.

"जमीन बोलती पीछे लगाव," ते म्हणाले. "आदमी बोलता आगे लगाव. अब तुम देखो, किसकी सुननी."

चालवणार कोण, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, मीच. कुठे शिकलास? दादा म्हणाला, बघून बघून येतंच की. काकांनी वाकून बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती.

बसपर्यंत पोचवायला मी गेले. तिथे म्हणाले, "बेटी, ऊपर जाना कोई भी सीख लेता. नीचे आने को साल लगता."


२५ जानेवारी

ठरवलं. पुढे.

जमिनीला सुधारता येतं, माणसाला इतक्या लवकर नाही. दादाला असंच सांगितलं. तो हसला, म्हणाला, म्हंजे तुला माह्यापेक्षा रानाचा भरवसा जास्त.

मोठ्या चाकांची जागाही काढली. काकांनी त्याची रीत शिकवली होती. वर्कशॉपच्या तुळईला चेन लावून आख्खं विमान उचललं, दादाला आत बसवलं, ते आडवं स्थिर राहिलं तिथे ओळंबा सोडला. तो तोलाचा बिंदू. चाक पुढे असलं तर मोठी चाकं या बिंदूच्या थोडी मागे हवीत. अगदी जवळ लावली तर विमान शेपटीवर बसतं. फार मागे लावली तर नाक उचलतच नाही — धावत राहील, धावत राहील, चिखलातल्या म्हशीसारखं जमीन सोडणार नाही, असं काका म्हणाले होते.

माझ्या हिशोबाने बिंदूमागे सात इंच. तीनदा केला. दादाने विचारलंही नाही कसा काढला. खडूने पाइपवर ७ लिहिलं आणि मोटारसायकलची चाकं आणायला गेला.

माझ्या आकड्यावर कुणीतरी लोखंड कापलं! कॉलेजात एवढी वर्षं आकडे लिहिले, त्यांच्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं.


९ फेब्रुवारी

मुंबईच्या विमान खात्याच्या कार्यालयातून उत्तर आलं. डिसेंबरमध्ये मी परवानगीसाठी लिहिलं होतं, दादाला न विचारता. सात पानांचे फॉर्म. मी त्याला वाचून दाखवायला बसले. चालवणाऱ्याचं शिक्षण, हा रकाना पहिल्याच पानावर. दहावीचं प्रमाणपत्र जोडणे. कुठे प्रशिक्षण घेतलं त्याचा दाखला जोडणे.

त्याने फॉर्मची घडी केली आणि हवेच्या पंपाखाली ठेवली.

मी म्हणाले, विनापरवाना उडवणं गुन्हा आहे. तो म्हणाला, पतंगाला लागते का परवानगी? मी म्हणाले, पतंगात माणूस नसतो.

"दहावीचा कागद कुठून आणू?" एवढंच बोलला. आवाज चढवून नाही. ज्या वर्षी मी पाचवीत गेले त्या वर्षी बाबांचा पाय मोडला, आणि मेंढ्यांमागे कुणीतरी जायला हवं होतं. तो गेला. मी शाळेत गेले. याबद्दल आमच्या घरात कधीच कुणी बोलत नाही. आजही बोललो नाही.


२२ फेब्रुवारी

हरभरा निघाला. रान मोकळं. बाबा जेवताना आपणहून म्हणाले, यंदा मेंढ्या कुणाच्याच शेतात बसवायच्या नाहीत. आपल्याच रानात बसवायच्या, विमान धावायच्या पट्ट्यावर.

एरवी आमच्या मेंढ्या शेतात बसवून घ्यायला लोक महिनाभर आधी सांगून ठेवतात. लेंडीखत मिळतं. बाबांनी चार घरांना नाही म्हणून सांगितलं. कारण काय, तर खुरांखाली जमीन गच्च होते.

"दोनशे मेंढ्याचे आठशे खूर," बाबा म्हणाले. "रोलर काय करंल त्याच्यापुढं?"

बाबा विमानाबद्दल पहिल्यांदाच काही बोलले. आजवर त्याला "ते लोखंड" म्हणत.

मी लगेच हिशोब केला. मेंढीचं वजन, खुराचं क्षेत्रफळ. एका खुराखालचा दाब माणसाच्या पावलापेक्षा जास्त निघतो. बाबांना दाखवलं. त्यांना आकडा वाचता येत नाही, पण वही हातात धरून बराच वेळ बघत होते. माय म्हणाली, आता मेंढ्यांनाबी डिग्री द्या.


५ मार्च

पट्टा झाला. चारशे पावलं लांब, वीस रुंद. मेंढ्यांभोवतीची जाळीची वाघर बाबांनी रोज पुढे सरकवली. वरून बघितलं तर शेणाने सारवलेल्या अंगणासारखं दिसतं. अनवाणी चालून बघितलं. दगडासारखं.


२१ मार्च, पाडवा

थोडक्यात लिहिते.

आज नुसतं जमिनीवर पळवायचं ठरलं होतं. मायने नाकाला हळदकुंकू लावलं. निम्मं गाव बांधावर. दादा बसला, इंजिन सुरू झालं, विमान निघालं — आणि सरळ गेलं! दोरी लावल्यासारखं सरळ. पन्नास पावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून पुढचं मला नीट दिसलं नाही.

नाक गेलं. म्हणजे दिसेनासं झालं. शेपटी वर. पंखा मोडल्याचा आवाज, मग काहीच आवाज नाही.

पुढचं चाक आसापर्यंत जमिनीत गेलं होतं. तिथे भेग होती. काळ्या रानात उन्हाळ्याच्या तोंडाला पडते तशी, हातभर खोल. वरून दिसत नव्हती. दिसणार कशी? मेंढ्यांनी तुडवून तुडवून लेंड्या आणि धूळ तिच्या तोंडात भरली होती. वर बोटभर झाकण, खाली पोकळ.

दादाची हनुवटी पाइपवर आपटली. शुद्धीवर आहे. बोलतोय.


२२ मार्च

सेनगावला पाच टाके घातले. खालचा ओठ सुजलाय. डॉक्टरांनी कशाने लागलं विचारलं तर म्हणाला, ट्रॉली.

बाबा सकाळपासून रानात. मी भाकरी घेऊन गेले तर काठीने टोचत टोचत पट्ट्यावर चालत होते. एकतीस भेगा सापडल्या म्हणाले. प्रत्येकीवर एक दगड ठेवला होता. आख्ख्या पट्ट्यावर दगडच दगड.

"खुरानं रान गच्च न्हाई केलं शिवा माय. नुसती तोंडं बुजवली. माह्या मेंढ्यांनी लेकराला फसवलं."

मी म्हणाले, मेंढ्यांनी नाही, मी. बाबांचा अंदाज होता, मी त्यावर हिशोब करून शिक्का मारला. हिशोब चूक नव्हता. वर किती दाब पडतो ते बरोबर काढलं. खाली काय आहे, ते विचारलंच नाही.

बाबा म्हणाले, तू बी.एस्सी. हाईस, जमीन न्हाईस.

ते माझी समजूत घालत होते. पण त्या भेगेवर चाक दुप्पट वेगाने आलं असतं तर? दादा तर आत्तापासूनच पंख्याचं लाकूड शोधतोय.


२८ मार्च

सेनगावच्या एस.टी.डी.वरून काकांना फोन केला. म्हणाले, जमिनीने जवाब दिला आता, शेपटीलाच चाक लावा — पण मग भुजंगला बसू देऊ नका.

दादाला मी पहिला अर्धा निरोप सांगितला, तोच त्याने उचलला. दुसरा अर्धाही सांगितला. तो त्याने ऐकला नाही. म्हणतो, शेपटीलाच लावतो. आणि तिथं तुह्या आकड्याचीबी तकलीफ न्हाई, मी अंदाजानं लावतो.

अंदाजाने! शेपटीचं चाक, ज्याला शिकलेला हात लागतो, ते न शिकलेल्या माणसाने अंदाजाने लावायचं.

दोन तास भांडले. शेवटी म्हणाले, गावाच्या माळावर चल. मुरूम आहे, भेगा नाहीत. मग पुढचंच चाक बरोबर. माळ आखूड आहे आणि टोकाला नाला आहे, हे मला माहीत होतं. पण जमिनीचं कारण काढून घेतलं की शेपटीचं कारण उरत नाही. तो बराच वेळ हनुवटीच्या पट्टीवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, बराबर हाय. तुह्यासारखं बोलणं मला आलं असतं तर मी सरपंच झालो असतो.

एक मे ठरलाय. शाळेत झेंडावंदन झालं की माळावरून उडून शाळेवरून एक चक्कर. संतरामच्या हॉटेलात सगळ्यांना सांगून बसलाय. आता त्याला मागे फिरायला जागा नाही. त्याला ती नकोच आहे.

लहानपणी सेनगावकडे पिकावर औषध मारायला विमान आलं होतं, तेव्हा हा त्याच्यामागे दोन शिवारं पळाला होता. परत आला तेव्हा अंगभर औषधाचा वास होता आणि मायने बदडलं. तेव्हापासूनचं आहे हे. मला हे समजतं. समजतं म्हणूनच अवघड आहे.


४ एप्रिल

पाय नव्याने जोडायचे आहेत. पुढचं चाक मोठं घेतलं, फोर्क जाड केला. सगळा तोल बदलला. पुन्हा चेनला टांगलं, ओळंबा सोडला. आठ इंच निघाले. तीनदा केला हिशोब, तीनदा आठ.

त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याला "उडू नकोस" सांगून झालंय. बाबांकडून सांगवून झालंय. मायने शपथ घालून पाहिली. तो हसतो, मायच्या पाया पडतो आणि कामाला लागतो. आकडा द्यायचं नाकारलं तर शेपटीला अंदाजाने लावील. आकडा दिला तर उडेल. उडेल म्हणजे वर जाईल. पुढचं काकांनी सांगितलंय.

आज तो विटांवर बसून वाट बघत होता. "निघाला का आकडा?"

उद्या सांगते म्हणाले.


५ एप्रिल

सोळा सांगितला.

"मागं सात व्हता की," तो म्हणाला. मी म्हणाले, पुढचं चाक जड केलंस, तोल सरकला. मान डोलावली. खडूने १६ लिहिलं. माझ्यासमोर वेल्डिंगचा चष्मा चढवला.

आता ते उठणार नाही. धावेल, म्हशीसारखं बसून राहील. त्याला वाटेल इंजिन कमी पडतंय. कंटाळेल. पुढच्या वर्षी दुसरं काही जोडायला घेईल. जिवंत राहील.

मी पहिल्यांदा चूक आकडा मुद्दाम लिहिला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.


१८ एप्रिल

माळावर तीन वेळा पळवलं. तिन्ही वेळा उठलं नाही. नाला जवळ आला की बंद करून ब्रेक.

लोक आधी गप्प होते, मग हसू लागले. संतराम म्हणाला, भुजंगा, झ्याक धावून राह्यलं, मागं ट्रॉली जोड, हळद वाहायला होईल. दुसरा कुणी म्हणाला, पंख लावलेला ट्रॅक्टर हाय तो. दादाही त्यांच्याबरोबर हसला. सगळ्यांत जास्त हसला.

घरी येऊन पंखाखाली बसून राहिला, जेवायला आला नाही. मी ताट घेऊन गेले. म्हणाला, "इंजिन बराबर हाय, पंखा बराबर हाय. माहंच काहीतरी चुकून राह्यलं शिवे. नाक उचलायला दांडा कसा वढायचा ते मला कळंना." मी म्हणाले, जेव.


२० एप्रिल

गावातल्या मुलांचा मी सकाळी क्लास घेते; तिथे सहावीच्या एका मुलीने गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावरून उतरवलं. उत्तर बरोबर होतं. मी ते खोडलं. सगळ्या वर्गाला पाच मिनिटं ऐकवलं, स्वतः काढला नाही तो आकडा लिहायचा नाही. ती रडायला लागली.

घरी आल्यावर कळलं, मी तिला बोलतच नव्हते.

पण तो जिवंत आहे. हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.


२५ एप्रिल

कंटाळला नाही. मी माझ्या भावाला ओळखत नाही असं दिसतंय.

तो वजन कमी करतोय. सीटची पाठ काढली. पाइपांना भोकं पाडतोय. टाकी लहान केली. आज सीटचा कमरेचा पट्टा सोडवून खुंटीला अडकवला — दीड किलो वाचला म्हणाला. स्वतः चार दिवसांपासून एक टाइमच जेवून राहिलाय. गालफडं आत गेलीत, हनुवटीवरची खूण आणखी लाल दिसते.

माळावरचे दगड वेचून नाल्याच्या काठापर्यंत वाट मोकळी केली. "मागच्या टायमाला मी घाबरून लवकर ब्रेक मारला. एक तारखेला मारायचाच न्हाई. टोकापर्यंत सोडतो. उठंलच."

उठणार नाही. आणि ब्रेक मारणार नाही. आणि नाला.

हे मी धरलंच नव्हतं. हिशोबात लोखंड होतं, चाकं होती, तोल होता. तो नव्हता.


२८ एप्रिल

सेनगावला गेले. काकांना फोन लावला. आडून विचारलं — समजा नाक उचलत नसेल आणि माणसाने तसंच खूप जोरात सोडलं तर?

लाइनवर खरखर. मग त्यांनी सावकाश सांगितलं. नाक उचलत नाही ते ठराविक वेगापर्यंत. वेग खूप वाढला की शेपटीला एकदम जोर येतो. मग नाक हळूहळू नाही उचलत, झटक्याने उचलतं. उभंच राहतं जवळजवळ. नवख्याला कळायच्या आत चार माणसं उंच जातं आणि तिथून पाठीवर पडतं.

"तुमने आधी बात सुनी थी बेटी," म्हणाले. "बाकी आधी मैंने बताई नहीं. तब जरूरत नहीं थी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चक्के किधर लगाये?"

बूथवाल्याने काचेतून बघितलं. काकांना माझ्या गप्प बसण्यातून कळलं असावं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, उसको बता दो, आज ही.

म्हणजे कमरेला पट्टा नाही, सीटची पाठ नाही, आणि ते वर जाऊ शकतं. सगळ्यांत वाईट रीतीने वर जाऊ शकतं. मी त्याला खाली ठेवायला जे केलं त्यानेच.

आठ इंच दिले असते तर निदान सावकाश उठलं असतं.


२९ एप्रिल

सांगायला गेले. तो पंखांचं कापड ओल्या फडक्याने पुसत होता. गुणगुणत होता.

मी म्हणाले, दादा, चाकांची जागा एकदा परत बघू या का? तो म्हणाला, काहून? मी म्हणाले, माझा आकडा चुकला असेल.

तो हसला. "समदं चुकंल, तुहा आकडा न्हाई चुकायचा. लोक मला इचारतात, न शिकता ईमान कसं बांधलं. मी म्हणतो, शिकलेली हाय की घरात."

आणि मी परत आले.


३० एप्रिल

मेंढ्या माळावरून बाबांनी आजच हलवल्या, उद्या वाट मोकळी हवी म्हणून. शाळेतली पोरं कागदी झेंडे चिकटवतायत. संध्याकाळी पुन्हा गेले वर्कशॉपकडे. माणसं बसलेली. चारचौघांत सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, खरं सांगितलं तर तो म्हणेल, जाऊ दे शिवे, माह्या काळजीपोटीच केलं ना. मला माफ करील, आणि उद्या तसाच बसेल. नवे पाय जोडायला आता वेळ कुठे?

त्याच्या माफीची मला भीती वाटते.


१ मे

आज सकाळी सहाला, तो विहिरीवर अंघोळ करत होता तेव्हा, ग्राइंडरने मोठ्या चाकांचे दोन्ही पाय बुडापासून कापले. विमान पोटावर बसलं. मग विहिरीवर जाऊन सगळं सांगितलं — सोळा खोटा, आठ खरा, कधीपासून, का. बाबा ऐकत होते.

तो ओल्या अंगानेच वर्कशॉपमध्ये गेला. कापलेले पाय बराच वेळ बघितले. मग पोत्यात घातले, कपडे केले आणि नांदेडच्या पहिल्या एस.टी.ला गेला, मोहनसिंग काकांकडे. शाळेत झेंडा चढत होता तेव्हा बस गावाबाहेर पडली.

जाताना मी मागून पुन्हा म्हणाले, आठ इंच.

तो म्हणाला, "मी मोजून बघतो."